सिस्टरबाईंची जाळी

खोली बघायला गेलो तेव्हा सिस्टरबाईंनी मला नाव, गाव, जात, पगार यातलं काहीही विचारलं नाही. ओसरीवर उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मास्तर, मोहाचं फूल झाडावून किती वाजता पडते?"

मी वरोऱ्याचा, कापसा-सोयाबीनच्या मुलखातला. मोहाचं झाड एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. "माहीत नाही बाई," म्हणालो. त्यांनी लगेच कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. पुढे कळलं की माझ्याआधी चार जण खोली पाहून गेले होते. एकानं पहाटे असं सांगितलं, दुसऱ्यानं रात्री, तिसरा म्हणाला दिवसभर पडतो, आणि चौथा ग्रामसेवक होता, तो म्हणाला ते हवामानावर अवलंबून आहे. चौघांनाही खोली मिळाली नाही. "माहीत नसते ते माहीत नाई म्हणाले लाज काऊन वाटते माणसाले?" हे वाक्य पुढच्या पाच वर्षांत मी जवळजवळ रोज ऐकलं, बहुतेक वेळा माझ्याच बाबतीत.

ब्रह्मपुरीहून शेअर जीपनं पाऊण तास लागायचा त्या गावाला. जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिलीच नेमणूक. गावाच्या तीन बाजूंना धान आणि चौथ्या बाजूला जंगल. सिस्टरबाई तीस वर्षं तिथल्या उपकेंद्रात नर्स होत्या, निवृत्त होऊनही गावातच राहिल्या. नवरा वारलेला, मुलगा नागपूरला. निम्मं गाव त्यांच्याच हातून जन्मलेलं, त्यामुळे त्यांना बाई, मावशी, आजी असं काही न म्हणता लहानथोर सगळे सिस्टरबाईच म्हणत. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायच्या, आणि शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच हाक मारायच्या, "मास्तर, एक विचारू का?" ही हाक आली की मी चपला शोधू लागायचो. कारण त्या नुसतं विचारून थांबत नसत, उत्तर काढायला मला सोबत नेत.

एकच प्रश्न तिघांना विचारायचा ही त्यांची रीत. तिघांची उत्तरं जुळली तरी विश्वास ठेवायचा नाही, स्वतः जाऊन पाहायचं. कोंबडी अंधारात अंडं देते का, मडक्यातलं पाणी कोणत्या महिन्यात जास्त गार होतं, विळ्याला धार लावताना थुंकी का लावतात. गावातल्या रिकामटेकड्या लोकांना ही करमणूक होती. पारावर बसलेले म्हातारे त्यांना पाहिलं की म्हणत, "चला बापा, परीक्षा आली." पण मोहाच्या प्रश्नावर मात्र कोणी हसत नसे. त्याचं कारण मला गावात येऊन महिना झाल्यावर समजलं.

समोरच्या घरात ताराबाई राहायची. वयानं सिस्टरबाईंच्याच आसपासची, काटक, कमी बोलणारी. तिची तिन्ही लेकरं सिस्टरबाईंनीच जगात आणलेली. जंगलाच्या कडेला तिच्या घराण्याची मोहाची तीन झाडं होती. जमीन वनखात्याची असली तरी झाड कोणाचं हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं, एकाच्या झाडाखाली दुसरा वेचत नाही. चैत्राच्या आगेमागे वीसेक दिवस मोह पडतो. पिवळसर, रसाळ, गोड वासाची फुलं. ती वेचायची, उन्हात वाळवायची, विकायची. ताराबाईच्या घरात धानाच्या खालोखाल तोच आधार होता. मी यायच्या आदल्या वर्षी ताराबाई आणि तिची जाऊ अशा दोघी पहाटे चारला वेचायला गेल्या होत्या. ताराबाई एका झाडाखाली होती, जाऊ दुसऱ्या. जावेला वाघानं नेलं. वनखात्याचे लोक सांगतात की खाली बसलेलं, वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. हे सांगून झाल्यावर ते लोक अंधारात जाऊ नका असंही सांगतात.

ताराबाई पुढच्या वर्षीही पहाटे चारलाच निघाली. मला ते कळेना. एवढं झाल्यावर माणूस उजाडल्यावर जाणार नाही का? मी मास्तरकीच्या तोऱ्यात तिला तसं म्हणालोसुद्धा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उजाडल्यावर गेली तर मोह मले नाई सापडत, मास्तर. ढोरं खाते, चितळं खाते. मी का झाड पाहून येऊ?" तोंडात मारल्यासारखं झालं. मी गप्प बसलो. सिस्टरबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. म्हणूनच त्यांना कळायला हवं होतं, की फूल पडतं नेमकं किती वाजता.

माझं पहिलं वर्ष या एका प्रश्नात गेलं. शाळेच्या आवारात एक मोह होता, तो कोणाच्या मालकीचा नव्हता. त्याखाली सिस्टरबाईंनी पांढरी चादर अंथरली, बाजूला खुर्ची टाकली, आणि दर अर्ध्या तासानं चादर झटकून फुलं मोजायला सुरुवात केली. सोबत मी. कारण माझ्या मोबाइलात गजर होता, आणि शाळेच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे होती. दहा पहाटा आम्ही तिथे काढल्या. मला वाटलं होतं, दोन-तीन दिवसांत उत्तर मिळेल आणि मी सुटेन. तिसऱ्या दिवशी मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "पोट्ट्याले एक सुई देली अन् सोडून देलं, असं चालते का? पाळ्या पुऱ्या करा लागते." दहाव्या दिवशी पाळ्या पुऱ्या झाल्या. मध्यरात्रीनंतर एखाददुसरं पडतं, चार ते सात धो धो, साडेआठनंतर जवळपास बंद. म्हणजे कोणी ती फुलं तेवढा वेळ सांभाळून ठेवली, तर बाईमाणसानं नऊ वाजता, चांगलं ऊन पडल्यावर, निवांत जावं. राहिला प्रश्न सांभाळण्याचा. एवढंच काम आहे, सिस्टरबाई म्हणाल्या. या एवढ्याशा कामाला आणखी चार वर्षं लागली.

लोकांना वाटायचं, बाई सनकी आहे, लहर आली की करते. मी त्यांच्या घरात राहत होतो म्हणून सांगतो, लहर तिथे औषधालाही नव्हती. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच हा वेळ पडती फुलं झेलायच्या जाळीचा. पाहुणे आले असोत, दिवाळी असो, अंगात ताप असो, पाच वाजले की त्या परसात बांबू, दोऱ्या, चिंध्या घेऊन बसत. आणि साडेपाचला उठत. काम रंगात आलेलं असलं तरी उठत. मी एकदा म्हणालो, "आज चांगलं चाललंय तर करा ना आणखी थोडं." तर म्हणाल्या, "आज पोटभर केलं तर उद्याची भूक मरते." मुलगा नागपूरहून फोन करायचा, "आई, नागपूरले ये म्हटलं तर तिथी काय करून राह्यली तू?" यांचं उत्तर ठरलेलं, "साडेपाचनंतर फोन कर."

मोहाचं एक वैशिष्ट्य आहे. तो वर्षातून वीसच दिवस पडतो. म्हणजे डोक्यातली कल्पना खरी की खोटी हे पाहायला वीस दिवस, आणि चुकली तर पुढची संधी वर्षानं. माझ्यासारख्याचा धीर पहिल्याच वर्षी सुटला असता. सिस्टरबाई म्हणत, उरलेले दिवस डोकं लढवाले आहेत ना. आणि एक नियम त्यांनी घालून घेतला होता, एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल केले आणि जमलं, तर कशानं जमलं ते समजत नाही. हा नियम त्यांनी माझ्या स्वयंपाकालाही लावला होता. माझी वरणाची फोडणी बिघडली की त्या दोन घास खाऊन सांगायच्या, "उद्या फक्त मीठ कमी करा. बाकी काई हलवू नका."

पहिला प्रयोग छत्रीचा. जुन्या काळ्या छत्र्या उलट्या करून शाळेतल्या मोहाच्या फांद्यांना टांगल्या. पारावरून विचारणा झाली, "खालून पाणी येऊन राह्यलं का, सिस्टरबाई?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आलं तर सांगतो." वाऱ्यानं छत्र्या गोल फिरल्या आणि फुलं बाहेर सांडली. मग जुन्या लुगड्यांची भली मोठी चादर शिवून ताराबाईच्या झाडाखाली अंथरली. सकाळी नऊला जाऊन पाहतो तर लुगड्यावर फूल एक नाही, चितळाच्या लेंड्या तेवढ्या होत्या. ताराबाईनं कपाळाला हात लावला. एक झाड सिस्टरबाईंना देऊन तिचा त्या दिवसाचा मोह बुडाला होता. आणि सिस्टरबाई लेंड्या हातात घेऊन बोटानं दाबून बघत होत्या, ओल्या आहेत की सुकल्या. "चितळं सात वाजता आली असतीन," त्या म्हणाल्या. "म्हणजे जाळी चितळाच्या तोंडाच्या वर पाहिजे."

"अन् अस्वल आलं तर?" ताराबाई म्हणाली.

"आलं तर पाहू."

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, कारण ती घडायची पहाटे चारला आणि मी तेव्हा गाढ झोपलेला असायचो. जाळी अजून जमत नव्हती, म्हणजे ताराबाईचं अंधारात जाणं चालूच होतं. दुसऱ्या वर्षापासून तिच्यासोबत सिस्टरबाई जात. एका हातात स्टीलची थाळी, दुसऱ्या हातात पळी. ताराबाई वाकून वेचायची आणि या तिच्या पाठीला पाठ लावून, जंगलाकडे तोंड करून, थाळी वाजवत उभ्या राहायच्या. चार ते सात. गुडघे दोन्ही दुखरे. वीस दिवस, रोज. मला कळलं तेव्हा मी विचारलं, हे कशाला, वाघ थाळीला भितो का? त्या म्हणाल्या, "माहीत नाई. पण जाळी होईस्तोवर कोणी तं उभं राहाले पाहिजे." मी म्हणालो मीही येतो. म्हणालो खरं, गेलो नाही. भित्रा माणूस आहे मी. पुढे दर पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या दूर जाणारा थाळीचा आवाज ऐकायचो आणि मनातून लाजायचो.

तिसऱ्या वर्षी जाळी जमली, आणि जमली म्हणूनच सगळं फसलं.

आमच्या भागात हिवतापाचा जोर, त्यामुळे आरोग्य खातं घरोघर मच्छरदाण्या वाटतं. औषधात भिजवलेल्या, डास बसला की मरतो अशा. वाटल्या जातात माणसांसाठी, पण गावात त्यांचा उपयोग काहीही होतो. कोणी पापडावर घालतं, कोणी वांग्याच्या वाफ्यावर, एका घरात तर मी कोंबड्या मच्छरदाणीत आणि माणसं बाहेर अशीही झोपलेली पाहिली आहेत. सिस्टरबाईंनी अशा आठ मच्छरदाण्या गोळा केल्या. चारी बाजूंना बांबू, त्यावर छातीइतक्या उंचीला उलटी मच्छरदाणी, मधोमध खोलगट, आणि खोलगटाच्या टोकाला थैली. फूल पडलं की घरंगळत थैलीत. पहिल्याच दिवशी थैली भरली. दुसऱ्या दिवशीही. मऊ, मातीचा कणही न लागलेला मोह. ताराबाईनं तिन्ही झाडांना तशाच जाळ्या बांधून घेतल्या. तिच्या अंगणात चटयाच चटया वाळत पडल्या. ती हसताना मी पहिल्यांदा पाहिली. पारावरचे म्हातारेही येऊन पाहून गेले. पहाटे चारला थाळी वाजायची बंद झाली, आणि मी समाधानानं झोपू लागलो.

बाराव्या-तेराव्या दिवशी शाळेतून आलो तर सिस्टरबाई ताराबाईच्या अंगणात चटईजवळ उकिडव्या बसलेल्या. पाच वाजून गेले होते, तरी त्या परसात नव्हत्या, तेव्हाच मला कसंतरी वाटलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मुंग्या कुठी गेल्या?"

मोह म्हणजे साखरच. वाळत घातला की मुंग्यांची रांग लागते, बायका त्यांना हाकलून बेजार होतात. या मोहाला एकही मुंगी नव्हती. मी म्हणालो, बरंच झालं की, पीडा गेली. ताराबाईही तेच म्हणाली. सिस्टरबाई घरात गेल्या, गुळाचा खडा आणला आणि चटईजवळ ठेवला. थोड्या वेळानं मुंग्या आल्या. गुळावर चढल्या, गूळ खाल्ला आणि मोहाला वळसा घालून निघून गेल्या.

सिस्टरबाईंचा चेहरा उतरला. माणूस घाबरतं तेव्हा जसा होतो तसा झाला. "मीच वाटल्या होत्या त्या मच्छरदाण्या घरोघरी," त्या म्हणाल्या. "मीच सांगत होती, धुवू नका, औषध जाते म्हणून. अन् मलेच सुचलं नाई."

खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं, गावात कोणालाही सुचलं नव्हतं. आणि त्या बोलल्या नसत्या तर कोणाला कळलंही नसतं. ताराबाईनं तेच बोलून दाखवलं. "व्यापारी तं खूश होईन. मुंगी नाई लागली पाहून." सिस्टरबाई म्हणाल्या, "अन् जो खाईन तो?" ताराबाईनं चटईवरचा मूठभर मोह उचलला आणि परत खाली सोडला. मग म्हणाली, "साल गेलं ना वो बाई माझं." तिचा आवाज चढला नव्हता, पण ते ऐकून मला तिथे उभं राहवेना.

परसात खड्डा खणला आणि तिन्ही झाडांचा मोह पुरला. शेवटची टोपली ताराबाईनं स्वतः ओतली, हात झटकले, घरात गेली आणि सिस्टरबाईंशी बोलणं बंद केलं. सिस्टरबाईंनी घरातलं तांदळाचं पोतं तिच्या दारात नेऊन ठेवलं. सकाळी ते परत आमच्या दारात होतं. त्यांनी पुन्हा नेलं, तिनं पुन्हा आणलं. पोत्यानं अशा चार फेऱ्या मारल्या. ने-आण करण्याचं काम दोन्हीकडून माझ्याकडेच आलं होतं. शेवटी पोतं रस्त्याच्या मधोमध ठेवून मी घरी आलो. सकाळी ते ताराबाईच्या ओसरीवर होतं.

मला वाटलं, आता जाळीचं खूळ सुटेल. दुसऱ्या दिवशी पाच वाजता सिस्टरबाई परसात बसल्या होत्या. मच्छरदाण्या उसवून बाजूला टाकल्या होत्या आणि समोर एक कोरा बांबू होता. मी रागानंच विचारलं, आता कशाला? बाई तर झाडाला हात लावू देणार नाही. त्या वर न पाहता म्हणाल्या, "चूक जाळीची नाई, कपड्याची आहे. एकच बदल करा लागते."

त्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्यांनी मला पार नाकी नऊ आणले. धिवरांकडून मासे धरायची जुनी जाळी आणली, तर तिच्या भोकांत फूल अडकणार. रोपवाटिकेवर टाकतात तसं हिरवं शेडनेट आणलं, ते बरं वाटलं, गुळगुळीत, औषध नाही. पण उतार किती द्यायचा? उतार कमी तर फूल जागीच कुजणार, जास्त तर उडी मारून बाहेर. आणि मोहाची फुलं काही डिसेंबरात मिळत नाहीत. मग मोहाऐवजी काय, हा शोध सुरू झाला. लहान कांदे जड झाले. चुरमुरे हलके. शेवटी भिजवलेले मनुके मोहाच्या फुलाशी जुळले, वजनानं आणि चिकटपणानं. मी शाळेतून यायचो तर सिस्टरबाई परसात ताणलेल्या शेडनेटवर एकेक मनुका सोडून तो कसा घरंगळतो ते बघत असायच्या. जमिनीवर न पडलेले मनुके वाया जाऊ नयेत म्हणून धुऊन त्यांची खीर व्हायची. ती खीर मी सलग दोन महिने खाल्ली. अजूनही मनुका पाहिला की मी पान सरकवतो.

चौथ्या वर्षी मोह पडू लागला आणि पहाटे चारला ताराबाई एकटी निघाली. मी जागाच होतो. दोन मिनिटांनी आमच्या दाराची कडी वाजली आणि थाळी सुरू झाली. ताराबाई पुढे, आणि तीसेक पावलं मागे सिस्टरबाई, थाळी वाजवत. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. ताराबाई वेचायची, या दुसऱ्या झाडाशी उभ्या राहायच्या. परत येतानाही तेच, पुढे टोपली आणि मागे थाळी. असे वीस दिवस. गावात याच्यावर विनोद झाले, पण फार नाही. मला विचाराल तर एवढा हट्टी प्रेमळपणा मी नंतर कुठे पाहिला नाही. तेव्हा मात्र झोपमोड झाल्यानं मी चरफडत होतो.

थाळी संपली की त्या शाळेत यायच्या. तिथल्या मोहाला शेडनेट बांधलं होतं, मनुक्यांनी ठरवून दिलेल्या उताराचं. फुलं थैलीत येत होती. ती वाळत घातल्यावर सिस्टरबाई तासन्‌तास त्यांच्यापाशी बसून राहायच्या. एका दुपारी मी मुलांना पाढे म्हणायला लावून बाहेर आलो तर त्या मला बोलवत होत्या, डोळ्यांत पाणी. मी धावलो. चटईवर मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्या लागल्या म्हणून रडणारी बाई सगळ्या जिल्ह्यात दुसरी नसेल. त्यांनी मला ताराबाईकडे पिटाळलं. "तिले म्हणा, पाहून जा. बोलू नको म्हणा, निसतं पाहून जा."

ताराबाई आली. फाटकापाशीच उभी राहिली. मग दोन पावलं पुढे आली, वाकून पाहिलं. "लागल्या वाटते," ती म्हणाली. वर्षभरातले पहिले शब्द. सिस्टरबाईंनी मान हलवली. ताराबाई जायला निघाली आणि पाठमोरीच म्हणाली, "पुढच्या साली एका झाडाले बांधा. एकाच."

पाचवं वर्ष माझं त्या गावातलं शेवटचं. बदलीचा अर्ज मी केला होता, तो मंजूर व्हायच्या बेतात होता. जाळी बांधताना मी बांबू धरले, हे सांगायला हवं, कारण एवढंच एक काम मी न कुरकुरता केलं. ताराबाईनं सवयीप्रमाणे झाडाचं बुड झाडून लख्ख केलं. दरवर्षी या दिवसांत बायका झाडाखालचा पाचोळा जाळतात, फुलं दिसावीत म्हणून, आणि तीच आग कधी कधी जंगलात शिरते. या वर्षी जाळायचं कारणच नव्हतं. बाकीच्या दोन झाडांचा मोह मात्र अजून पडायला लागला नव्हता, म्हणून त्या पहिल्या दिवशी सगळा भरवसा या एकाच झाडावर.

चार वाजता समोरचं दार वाजलं. ताराबाई टोपली घेऊन आमच्या अंगणात येऊन बसली. "नऊ वाजेस्तोवर घरी बसवत नाई," ती म्हणाली. "मन नाई लागत. जाऊन पाहून येऊ का निसतं?"

"नाई," सिस्टरबाई म्हणाल्या.

"दुरूनच."

"चहा घे."

तिनं चहा घेतला. उठली, बसली. पाच वाजता पुन्हा म्हणाली, सहाला पुन्हा. चाळीस वर्षांची सवय होती, पाय आपोआप फाटकाकडे वळत. सिस्टरबाई प्रत्येक वेळी नाही एवढंच म्हणत होत्या, पण मी पाहत होतो, त्याही एकच कप तिसऱ्यांदा धूत होत्या. मागच्या वेळी यांच्याच शब्दावर तिचं अख्खं वर्ष मातीत गेलं होतं. आता पुन्हा काही चुकलं तर ताराबाई कधीच थांबणार नव्हती, मरेपर्यंत अंधारातच जाणार होती. हे दोघींनाही माहीत होतं. मी शाळेला दांडी मारली. त्या दोघींना सोडून जाणं मला जमेना.

नऊ वाजता निघालो. ऊन तापलं होतं. दुरून जाळी दिसली, शाबूत होती. जवळ गेलो. थैली फुगून खाली लोंबत होती, गच्च भरलेली. मी आनंदानं काहीतरी बोललो. दोघींपैकी कोणीही थैलीकडे पाहत नव्हतं. त्या खाली पाहत होत्या.

झाडलेल्या धुळीत, जाळीच्या बरोबर खाली, वाघ बसून गेल्याची खूण होती. पुढचे पंजे, अंगाचा दाब, शेपटीनं सारवल्यासारखी माती. धूळ अजून दबलेली होती, वाऱ्यानं विस्कटली नव्हती. बाजूनं उठून तो जंगलात गेला होता, त्याची पावलं स्वच्छ दिसत होती. झाड खुल्या जागेत होतं, आजूबाजूला दूरवर पाहून घेतलं, काही नव्हतं.

ताराबाई त्या खुणेपाशी गेली. "मी इथीच बसतो ना वो," ती म्हणाली. "दरसाली. बुडाच्या या बाजूनं सुरुवात करतो मी."

सिस्टरबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. तो किती वाजता आला असेल, किती वेळ बसला असेल, हे विचारायला त्यांच्याइतकं योग्य माणूस जगात नव्हतं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काहीही न विचारताना पाहिलं. त्यांनी ताराबाईचा दंड धरला आणि तसाच धरून ठेवला.

मग ताराबाई म्हणाली, "बाई, आपल्या गावची मोहाची झाडं एकंदर किती असतीन?"

"माहीत नाई," सिस्टरबाई म्हणाल्या.

"बाकीच्या पोरी उद्या बी पायटेच अंधारात येतीन. त्यायले थोडीच माहीत आहे."

"मंग मोजा लागन."

"चला मंग," ताराबाई म्हणाली.

आणि त्या दोघी जंगलाच्या कडेकडेनं पुढच्या झाडाकडे निघाल्या, ताराबाई पुढे आणि सिस्टरबाई दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यासोबत. थैलीची आठवण कोणालाच राहिली नव्हती. मी ती सोडवली, खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मागे गेलो.